कल्चर रूमच्या भिंतीपलीकडं संध्याअक्का

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही.

घाबरवायचं असतं तर रात्र सांगितली असती, अमावस्या सांगितली असती. पण जे घडलं ते भर दिवसा घडलं. सकाळची कामं सुरू झालेली, जेवणाला अजून वेळ होता. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं.

आणि ते खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मी स्वतः बुरशीवर संशोधन केलेली बाई आहे. समोर जे दिसतं तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचं त्यात घालायचं नाही, असं मला शिकवलेलं आहे. इथंही तेवढंच लिहिते.

दिसलं ते. ऐकलं ते.

माझं नाव विजयश्री. गाव मन्नाएखेळ्ळी. हायवेला लागून आमचं बी-बियाणं, खताचं दुकान आहे. भालकीच्या पुढं माळावर एका विद्यापीठाचं संशोधन केंद्र होतं, तिथं मी पीएचडी करत होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तारीखही लिहीत नाही. आमच्याकडच्या लोकांना ती सांगावी लागत नाही.

'होतं' म्हणते, कारण आता तिथं नुसती सपाट जागा आहे.

तुरीचं उभं पीक फुलोऱ्यात असताना अचानक वाळून जातं. त्याला मर रोग म्हणतात. तो एका बुरशीमुळं होतो. आमच्या प्रयोगशाळेत त्याच बुरशीवर काम चालायचं. इमारत दुमजली, जुनी. पुढच्या अंगाला दरवाजा आणि जिना. अगदी मागच्या टोकाला एक लहानशी खोली, तिला आम्ही कल्चर रूम म्हणायचो. काचेच्या प्लेटांमध्ये बुरशी वाढवायची खोली. खिडकी नाही. दार लावलं की बाहेरची हवा आत येत नाही.

माझ्या आधीपासून तिथं संध्याअक्का होती.

हुलसूरची. माझ्याहून थोडीशीच मोठी, पण पहिल्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणायला लागले. तिचे वडील ज्ञानोबा, त्यांना ती अप्पा म्हणायची. थोडीशी जिरायती शेती. आई शोभाबाई. एकुलती एक लेक. त्यांच्या गल्लीत एवढं शिकलेली ती पहिलीच. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिला फक्त बोलायला लागायचं. हात चालू, तोंड चालू.

"गप बसून काम केलं की मला झोप येतीय, विजू," ती म्हणायची. "तू बी बोल की. का तोंडात प्लेट धरलीस?"

माझा डबा ती खायची, तिचा मी. शोभामावशींच्या हातची शेंगाची चटणी मी इतकी खाल्लीय की हुलसूरला पहिल्यांदा गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हीच व्हय ती, माझी निम्मी चटणी खाणारी?"

त्या दिवशी मी कल्चर रूममध्ये होते. संध्याअक्का दाराबाहेरच्या ओट्यापाशी. तिचा फोन वाजला आणि लगेच बंद पडला. मागच्या भागात रेंज नसायची.

तिनं दार किलकिलं करून आत डोकावलं.

"आईचा फोन हाय. जिन्यापाशी जाऊन बोलून येते. तू प्लेटा उघड्या टाकून उठू नको, घाण पडंल."

"लवकर ये. भीमण्णा चहा आणायलाय." भीमण्णा म्हणजे आमचे शिपाई.

"आलेच."

तिच्या स्लीपरचा आवाज लांब गेला.

मी कामाला लागले. समोर स्पिरिटचा दिवा जळत होता.

मग…

फ्रिजची घरघर थांबली. लाइट गेली असेल, म्हणून मी मान वर केली नाही.

मग बाहेरच्या चिमण्या थांबल्या. भिंतीतल्या भोकात त्यांचं घरटं होतं. दिवसभर त्यांचा कलकलाट चालायचा. तो एकदम तुटला.

इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

आणि मग… दिव्याची ज्योत आडवी झाली.

बंद खोलीत. वारा नाही, पंखा नाही. ज्योत एका अंगाला कलंडली आणि तशीच राहिली.

मी तिच्याकडं बघतच होते, तेवढ्यात खालून आवाज आला. फरशीच्या खालून. उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक जमिनीच्या पोटातून जावेत, तसा.

आमच्या भागात लहानसहान धक्के बसतात. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, लोक अंगणात येतात आणि परत आत जातात. किल्लारीचं नाव निघतं. म्हातारी माणसं गप्प होतात. एवढंच.

हे तसं नव्हतं.

भिंत माझ्याकडं आली. खरंच आली. कपाटातल्या बाटल्या माझ्या अंगावरून उडून पलीकडच्या भिंतीवर फुटल्या. मी उभी होते की पडले होते, मला सांगता येत नाही. कडप्प्याच्या ओट्याखाली मी कशी शिरले, तेही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मोठ्यानं ओरडले, "अक्का!"

आणि छत खाली आलं.

…

डोळे उघडले तरी अंधारच होता.

आधी वाटलं, मी आंधळी झाले. मग कळलं, उजेडच नाही. तोंडात माती. डावा पाय कशाखाली तरी अडकलेला. हात पुढं केला तर स्लॅब. वर केला तर कडप्पा. मांडी घालून बसता येईल एवढीही जागा नव्हती.

खोकला थांबेना. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ आत जात होती. मी ओरडले. परत ओरडले. माझाच आवाज माझ्या कानांवर येऊन पडत होता. बाहेर काहीच नाही.

मग मी रडायला लागले. आईचं नाव घेऊन, लहान पोरासारखी.

"विजू."

मी गप्प झाले.

"विजू, रडू नको. धूळ जास्त आत जाती."

संध्याअक्का!

आवाज उजवीकडून येत होता, पण अंधारात ती खोलीची कुठली बाजू ते मला कळत नव्हतं. भिंतीपलीकडून. अगदी जवळून, जणू माझ्यासारखीच ती पलीकडं पडलेली असावी.

"अक्का! तू कुठंयस? तुला लागलंय का?"

ती बोलली नाही.

"अक्का?"

"ओढणी तोंडाला लाव. नाकातून श्वास घे. हळू."

मी ओढणी लावली. खोकला थोडा कमी झाला. खूप बरं वाटलं मला. कसं सांगू किती बरं वाटलं. मी एकटी नव्हते.

ती बोलत राहिली. नेहमीसारखी. तिच्या मावसबहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत काय गोंधळ झाला होता. आमचे गाइड शिवशंकरप्पा सर कन्नडमध्ये सुरुवात करून मराठीत रागवतात ते कसं. मला झोप लागायला लागली की तिचा आवाज चढायचा.

"विजू, झोपायलीस का? झोपू नको. उठ, पाइप वाजव."

"कुठला पाइप?"

"डोक्याच्या मागं हात ने. नळाचा पाइप हाय."

मी हात मागं नेला. पाइप होता. मुठीत येईल असं काचेच्या बाटलीचं एक जाड बूड सापडलं, त्यानं मी पाइप वाजवायला लागले.

तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही, की माझ्या डोक्याच्या मागं काय आहे ते तिला भिंतीपलीकडून कसं दिसलं.

काही गोष्टी मात्र तेव्हाच जाणवल्या होत्या. त्या सांगते.

ती एकदाही खोकली नाही. मी खोकून खोकून बेजार झाले होते. तिच्या आवाजात धुळीचा कणही नव्हता. स्वच्छ आवाज. सकाळी बोलत होती तसाच.

मधे पुन्हा एक जोराचा धक्का बसला. वरचा स्लॅब करकरला, खडी माझ्या तोंडावर पडली. मी किंचाळले. ती एक वाक्य बोलत होती… ते तसंच पुढं चालू राहिलं. अडखळलं नाही. जणू तिच्याकडची जमीन हललीच नाही.

आणि तिला काही झालंय का, असं विचारलं की ती गप्प व्हायची. दर वेळी. मग थोड्या वेळानं दुसराच काहीतरी विषय.

शेवटी मला राहवेना.

"अक्का, तू भिंतीवर एकदा मार ना. हातानं. नुसती एक थाप मार. मला कळू दे तू कुठंयस."

बराच वेळ काही नाही.

मग… अगदी हळू…

"मला येत न्हाई, विजू."

वाटलं, तिचे हात अडकलेत. हात मोडलेत. मी रडत म्हणाले, "राहू दे, राहू दे अक्का. मी मारते. तू नुसती बोल."

"बोलते की."

किती वेळ गेला कोण जाणे. तहान लागून जीभ टाळूला चिकटली होती. पाय बधिर झाला होता. पाइप वाजवायचं बळ संपलं. डोळे मिटत होते. तिचा आवाजही मला लांबून आल्यासारखा वाटायला लागला.

आणि एकदम ती म्हणाली,

"अप्पा आले."

"काय?"

"अप्पा आलेत, विजू. आता भिऊ नको."

मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं. ना माणूस, ना गाडी.

बऱ्याच वेळानं… वरच्या बाजूला वीट सरकल्याचा आवाज आला.

मग दुसरी वीट.

मग कुणीतरी ओरडलं, "हाय! हितं हाय! पहारी आणा रे!"

अंधाराला एक भोक पडलं. त्यातून उजेडाची एक काडी आत आली.

"डोळे मिट," संध्याअक्का म्हणाली. "एकदम उजेड घेऊ नको."

मी डोळे मिटले.

त्यानंतर ती बोलली नाही.

…

मला ओढून बाहेर काढलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. डोळे उघडले तर पहिल्यांदा दिसले ते हात. बोटांची सालं निघालेली, नखं फाटलेली, रक्त आणि चुना एक झालेला.

ज्ञानोबाकाकांचे हात.

ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. लेक समजून माणसानं हातांची अशी दशा करून घ्यावी… आणि आतून दुसऱ्याचीच पोरगी निघावी.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग उठले आणि बाजूला जाऊन दगडावर बसले.

मी ओरडायला लागले. "काका, अक्का तिकडं हाय! भिंतीमागं! आत्ता बोलायली होती! काढा तिला!"

लोक पळत त्या बाजूला गेले. पहारी घेऊन गेले.

आणि तिथंच उभे राहिले.

कुणीच खणेना. मला कळेना कामून. मी स्ट्रेचरवरून मान वळवून बघितलं.

त्या भिंतीपलीकडं खोली नव्हतीच. ती इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडं मोकळा माळ होता. गवत होतं. आणि गवतावर काही पडलेलंसुद्धा नव्हतं.

संध्याअक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली. आमच्यातले आणखीही काहीजण त्या दिवशी गेले. त्यांची नावं मी इथं घेत नाही. त्यांच्या घरच्यांनी ती इथं वाचावीत असं मला वाटत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्याच धक्क्यात गेली. डोक्यात तुळई पडली. तिला काही कळलंही नसेल.

पहिल्याच धक्क्यात.

मग दिवसभर माझ्याशी कोण बोलत होतं?

…

भुताची गोष्ट इथं संपायला हवी होती. पण खरी गोष्ट पुढंच आहे. ती भीतीची नाही.

मी बीदरच्या दवाखान्यात होते. पायाचं ऑपरेशन झालेलं. शोभामावशी मला भेटायला आल्या. लेकीला निरोप देऊन आठवडाही झाला नव्हता. कॉटच्या कडेला बसल्या, माझा हात हातात घेतला.

"विजू, तू तिच्याजवळ होतीस. काही बोलली का गं ती?"

मी खोटं बोलू शकले असते. अनेकदा वाटतं, बोलायला हवं होतं.

पण मला वाटलं, आईला बरं वाटेल. शेवटपर्यंत ती हसत बोलत होती, मला धीर देत होती, हे ऐकून बरं वाटेल. म्हणून सगळं सांगितलं.

मावशींचा हात हळूहळू गार पडत गेला.

"ऊन उतरेपर्यंत बोलायली होती?"

"व्हय मावशी."

"मंजी जित्ती होती."

"डॉक्टर म्हणतेत…"

"डॉक्टर राहू दे. तू ऐकलंस की न्हाई?"

"ऐकलं."

"मंजी माझी लेक दिवसभर जित्ती होती. आन् लोक तुला काढायले होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी सोसला असता. त्या फक्त हिशेब लागल्यासारखं बोलल्या, आणि उठून गेल्या.

त्यानंतर त्या घरात काय चाललं ते मला हुलसूरच्या लोकांकडून कळायचं. मावशी नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. मागून आवाज आला म्हणून तिकडं गेलो, एवढंच काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मावशी बोलल्या तर एकच बोलायच्या.

"तुमाला आवाज आला म्हणून तुम्ही तिकडं गेलात ना? मग सोताच्या लेकीचा आवाज वळखू आला न्हाई तुमाला?"

ज्ञानोबाकाका उठून शेताकडं जायचे.

मी फोन करायचे. मावशी उचलायच्या नाहीत. मला वाटायचं, माझ्या जिवंत असण्याचाच त्यांना त्रास होत असेल. आरशात बघतानासुद्धा मला ते वाटायचं.

वर्ष गेलं. संध्याअक्काचा पहिला स्मृतिदिन आला. मी कुबडी घेऊन हुलसूरला गेले. माझे वडील श्रीपतराव सोडायला आले होते, ते बाहेर मंडपातच बसले. भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. लोक पांगले. दुपार कलली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होते, आत जाऊ की नको म्हणून. मावशी पाठमोऱ्या भांडी आवरत होत्या.

ज्ञानोबाकाका मागून आले.

"आत बस, विजू," ते म्हणाले. "शोभा, तू बी बस. मला बोलायचंय."

मावशी बसल्या नाहीत. पण त्यांचे हात थांबले.

काका भिंतीला टेकून खाली बसले.

"आपल्यात भूत-बित मानत न्हाईत," ते म्हणाले. "मी बी मानत न्हाई. जल्मभर लोकांला सांगत आलो, हे सगळं खोटं असतंय, भिऊ नका म्हणून. मग हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून वर्षभर गप राहिलो."

काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवले.

"मी तिथं गेलो तवा समदे जिन्याकडं उकरायले होते. मी बी तिकडंच चाललो होतो. आन् मागून आवाज आला. अप्पा, मागच्या अंगाला या."

मावशी वळल्या.

"मी पळत मागं गेलो. कुणीच न्हाई. भिंत आत पडलेली. म्हणलं, बाळा, हितं हाईस का तू? तर म्हणली…"

त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"म्हणली, मी न्हाई, अप्पा. विजू हाय. तिला काढा."

चुलीजवळ एक वाटी पडली. ती गोल फिरत राहिली, आणि थांबली.

"मी इच्यारलं, मग तू कुठं हाईस? काईच बोलली न्हाई. तवाच मला कळलं, शोभा. पहिली वीट उचलायच्या आधी कळलं. लेक गेली आपली. आवाज वळखू आला न्हाई म्हणतीस… वळखू आला म्हणून तर उकरलो."



म्हणजे मला बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते आपली लेक निघाली नाही याचं दुःख नव्हतं. त्यांना माहीत होतं. आत मी आहे, ती नाही, हे माहीत असून तो माणूस तसल्या हातांनी खणत राहिला होता. लेकीनं सांगितलं म्हणून.

मावशी हळूहळू खाली बसल्या. पदर तोंडाला लावला नाही. रडल्या नाहीत.

"फोन मीच केला होता," त्या म्हणाल्या. "काई काम नव्हतं. नुसतं, काई खाल्लीस का म्हणून. ती बोलायली होती आन् मधीच म्हणली, थांब आई, विजू आत हाय. बास. फोन बंद."

जिन्यापासून दरवाजा किती लांब होता? दोन ढांगा टाकल्या असत्या तर बाहेर. ती आत वळली होती.

"मला वाटलं, रेंज गेली," मावशी म्हणाल्या. "मी परत लावायले. परत लावायले. लावतच बसले गं…"

बाहेर मंडपवाले बांबू सोडत होते, त्याचे आवाज येत होते.

मग मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग काकांकडं.

"तुझ्याकडं आली. ह्यांच्याकडं आली," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडं कामून आली न्हाई?"



…

त्या दिवसानंतर मावशी माझे फोन उचलायला लागल्या. काकांशीही बोलायला लागल्या. मी त्यांना अप्पा म्हणायला लागले, आणि त्यांनी म्हणू दिलं. मला बीदरला एका कॉलेजात नोकरी लागली. वर्षं जात होती. मला वाटलं, आता सगळेजण थोडे थोडे सावरतील.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, मावशींचा फोन आला.

आवाज ऐकून मी चमकले. इतका हलका आवाज त्यांचा कधी ऐकलाच नव्हता मी. संध्याअक्का होती तेव्हा ऐकला होता, तेवढाच.

"विजू, आली गं."

"कोण, मावशी?"

"संध्या. परसात धुणं वाळू घालायले होते. पाठीमागं बोलली. तिचाच आवाज. तूच सांग, आई लेकीचा आवाज इसरतीय का?"



"काय म्हणाली?"

"तुझंच इच्यारली."

"माझं?"

"व्हय. म्हणली… विजू निघाली का?"

मी वर्गाबाहेरच्या भिंतीला टेकले.

"मी म्हणलं, निघाली बाळा. कवाच निघाली. नोकरीला बी लागली. तर गप झाली. मला वाटलं, आता आणिक काई बोलंल. माझ्याशी बोलंल…"

मावशींचा हलका आवाज तिथं थांबला.

"तर परत तेच. विजू निघाली का? मी परत सांगितलं. तिला माझं ऐकू जाईना गं, विजू. मी वरडून सांगितलं. शेजारची सिद्धव्वा भिंतीवरून बघायली. तरी बी तेच. विजू निघाली का, विजू निघाली का…"

त्यानंतर रोज फोन यायला लागला. आज बी आली होती. आज बी तेच. मावशी तिला दर वेळी उत्तर देतात. ती दर वेळी पुन्हा विचारते.

गेल्या रविवारी मी भालकीला गेले. तिथून रिक्षानं माळावर.

तारेचं कुंपण आहे, पण फाटलेलं. आत गवत वाढलंय. कुठं काय होतं ते मला पाय ठेवला की कळतं. इथं दरवाजा. इथं जिना. इथं मी थोडा वेळ उभी राहिले. मग मागच्या टोकाला गेले.

ऊन होतं. वारा होता. लांबवर कुणीतरी बैलांना हाक मारत होतं.

मी मोठ्यानं म्हणाले, "अक्का, मी निघाले. त्याच दिवशी निघाले. अप्पांनी काढलं मला. बघ की, हितं उभीय मी."

काहीच नाही.

"आता तू जा अक्का. माझी वाट बघू नको."

मी बराच वेळ तिथं थांबले. मला वाटत होतं, काहीतरी व्हावं. नुसतं गवत हलावं वेगळं. तिनं "आलेच" म्हणावं, काहीही.

तिनं ऐकलं का, मला माहीत नाही. जिवंतपणी माझी एक हाक गेली की ती धावत यायची. आता तिच्यापर्यंत आमचं काहीच पोचत नसेल, आणि ती तिथंच कुठंतरी अंधारात माझी काळजी करत बसली असेल, तर… पुढचा विचार मला करवत नाही.

परतीच्या बसमध्ये बसले. बस सुटली आणि पर्समध्ये फोन वाजायला लागला.

हुलसूरहून. मावशी.

आज ती आली नाही, असं सांगायला केला असेल. किंवा आज बी आली होती, असं. पहिलं असेल तर मावशींची लेक पुन्हा गेली; दुसरं असेल तर अक्काला माझं ऐकूच गेलं नाही.

मी फोन हातात धरून बसले. वाजून वाजून तो बंद पडला.

त्याला आज तीन-चार दिवस झाले, फोन रोज वाजतो. मी अजून त्यांना परत फोन केलेला नाही.